बंद खणांतल्या पक्ष्यांचा उपयोग काय?

प्रश्न : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्ग विभाग नुकताच मुलांसह पाहिला. अशा संस्थांकडे मांडलेल्या नमुन्यांच्या अनेक पट नमुने बंद कपाटांत असतात, असे तेथे ऐकले. उत्तम छायाचित्रे मिळत असताना एकाच जातीचे ढीगभर मृत पक्षी जपण्याचे प्रयोजन काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे सुमारे ८ कोटी नमुने आहेत आणि त्यांतले फारच थोडे प्रेक्षकांसमोर येतात. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, म्हणजे बीएनएचएसचा, संग्रहही मुख्यतः अभ्यासकांसाठीच आहे. संशोधनासाठी जपलेला पक्षी काचेमागच्या पक्ष्यासारखा फांदीवर बसवलेला नसतो. त्याची कातडी सोलून, आत कापूस भरून तो खणात उताणा ठेवलेला असतो. त्याच्या पायाला एक लहानशी चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला, नर की मादी आणि कोणी मिळवला, एवढे लिहिलेले असते. माझ्या मते खरा ठेवा त्या चिठ्ठीत आहे. ती हरवली की नमुन्याचे शास्त्रीय मोल जवळजवळ संपते, आणि ती खोटी असली तर काय घडते, याचे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे.

रानपिंगळा या छोट्या घुबडाचा पहिला नमुना १८७२ साली मध्य भारतात मिळाला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. खानदेशात नोकरीला असलेले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात आणखी काही नमुने गोळा केले. त्यानंतर मात्र हा पक्षी खात्रीने कोणाला दिसला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश संग्राहकाच्या एका नमुन्यावर तेवढे १९१४ हे साल आणि गुजरातमधील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते, आणि त्या चिठ्ठीमुळे पुढच्या शोधांची दिशाच चुकली. १९९०च्या दशकात अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जगभरच्या संग्रहांत विखुरलेले या पक्ष्याचे मोजके सात नमुने तपासले. माइनर्ट्झहागनचा पक्षी उसवून पुन्हा भरलेला आहे, परंतु कातडी तयार करण्याच्या मूळ पद्धतीच्या खुणा त्यात शिल्लक आहेत आणि ती पद्धत डेव्हिडसन यांची आहे, हे त्यांनी सिद्ध केले. म्हणजे डेव्हिडसन यांचाच नमुना लंडनच्या संग्रहातून चोरून त्याला नवी चिठ्ठी बांधली गेली होती. खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, विश्वासार्ह चिठ्ठ्यांवरील ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती. पुढे हा पक्षी मेळघाटात आणि तानसा अभयारण्यातही आढळला. डेव्हिडसन यांच्या पद्धतीचे इतर नमुने त्या खणांत नसते, तर तुलना कशाशी करणार होते?

एकाच जातीचे अनेक नमुने का, याचे उत्तर अंड्यांच्या टरफलांनी फार चांगले दिले आहे. ब्रिटनमधील बहिरी ससाण्यांची अंडी घरट्यातच फुटू लागली, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतील टरफले आणि नवी टरफले तपासून १९६७ साली दाखवून दिले, की १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून, म्हणजे डीडीटी या कीटकनाशकाचा वापर सुरू झाल्यापासून, टरफले पातळ होत गेली आहेत. ती अंडी गोळा करणाऱ्यांना डीडीटी ठाऊकही नव्हते. पुढचे प्रश्न आज कळत नाहीत, म्हणूनच वेगवेगळ्या काळांतील आणि प्रदेशांतील पुष्कळ नमुने राखावे लागतात. छायाचित्रातून टरफलाची जाडी मोजता येत नाही, की पिसातला पारा तपासता येत नाही.

प्रश्न : मग सामान्य माणसाने या संस्थांत जाऊन केवळ काचेपलीकडे पाहायचे का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : मुळीच नाही. संग्रह सांभाळणे आणि तो लोकांना समजावून सांगणे ही दोन्ही कामे मुंबईत पूर्वीपासून एकत्र चालत आली आहेत. १९२६ साली तरुण सलीम अली यांना त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, निसर्ग विभागात नोकरी मिळाली, ती मार्गदर्शक व्याख्याता म्हणून, प्रेक्षकांना दालने समजावून सांगण्यासाठी. आज हे वस्तुसंग्रहालय २०१५पासून फिरत्या बसमधून शाळांपर्यंतही पोहोचते. बीएनएचएस निसर्गभ्रमंती आणि पक्षीनिरीक्षणाचे अभ्यासक्रम घेते, तर गोरेगावच्या चित्रनगरीलगत तिचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे. सहल नेण्याआधी पत्र पाठवून मार्गदर्शक मागून घ्यावा. दालनांतून तासाभरात धावत जाण्यापेक्षा मुलांना एकाच पक्ष्यासमोर बसवून चोच, पंजे आणि पिसे यांचे चित्र काढायला लावावे, आणि त्याखाली ठिकाण व तारीख लिहायची सवय लावावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

प्रश्न : आमच्या खिडकीच्या काचेवर आदळून एक अनोळखी पक्षी मरण पावला. तो संग्रहालयाला द्यावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : असा पक्षी स्वतःकडे ठेवू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्षी, त्यांची पिसे आणि अंडी बाळगण्यावर बंधने आहेत, आणि रोगाच्या भीतीमुळे मृत पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करणेही धोक्याचे असते. वन विभागाला कळवावे. तत्पूर्वी पक्ष्याची पाठ, पोट आणि पसरलेला पंख दिसत असल्यास तोही, अशी छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून काढावीत, आणि तारीख, वेळ व नेमकी जागा लिहून ठेवावी. पक्षी संग्रहात जावो वा न जावो, ही माहिती अभ्यासकाला ओळख पटवण्यासाठी उपयोगी पडेल.