कामाचे सात तास, खेळाचा दीड तास : महागडा माऊस हप्त्यांवर घ्यावा का?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते दिवसाला साधारण सात तास संगणकावर हिशेबाचे तक्ते भरण्याचे काम करतात आणि रात्री दीड तास नेमबाजीचा खेळ खेळतात. सध्याच्या माऊसचे डावे बटण एकदा दाबले तरी दोनदा दाबल्यासारखे वागू लागले आहे. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत : ऑफिसच्या वापराचा साधा माऊस, त्याच्या तिप्पट किमतीचा, वायर असलेला गेमिंग माऊस, आणि साध्या माऊसच्या नऊपट किमतीचा, वजनाने अगदी हलका असा वायरलेस माऊस, जो सहा बिनव्याजी हप्त्यांत मिळतो आहे. मोबाईलचा हप्ता आधीच चालू असून अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम जेमतेम दीड महिन्याच्या खर्चाइतकी आहे. महागडा माऊस ही 'दीर्घकाळाची गुंतवणूक' ठरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो : मधला माऊस घ्यावा, पूर्ण पैसे देऊन घ्यावा आणि हाताला नीट बसतो याची खात्री करून मगच घ्यावा. तुमच्या पत्रात ज्या गोष्टींचा सर्वांत जास्त ऊहापोह आहे, त्यांचा या निर्णयाशी संबंध कमी आहे, आणि जिचा संबंध सर्वांत जास्त आहे तिचा उल्लेख पत्रात एकदाही आलेला नाही. म्हणून कारणे थोडी विस्ताराने लिहितो.

'गुंतवणूक' हा शब्द इथे सोडून दिलेला बरा. माऊस खोक्यातून बाहेर काढला की त्याची किंमत घसरते आणि काही वर्षांनी ती शून्यावर येते. त्यातून परतावा मिळत नाही. मात्र तो तुमच्या कामाचे हत्यार आहे, आणि हत्यारावर केलेला खर्च हा उधळपट्टीही नसतो. तेव्हा विचारायचे ते इतकेच, की हे हत्यार तासाला किती पडते आणि त्या तासांत ते हाताला कसे वागवते.

तास मोजून पाहू. वर्षाचे ३०० दिवस धरले तर कामाचे २,१०० तास होतात आणि खेळाचे ४५०. एकूण २,५५० तासांपैकी खेळाचा वाटा सहाव्या हिश्श्याहून किंचित जास्त भरतो. पत्र मात्र जवळजवळ सगळे खेळाबद्दल आहे. एकाच वस्तूचे काम आणि हौस असे दोन उपयोग असले, की खरेदीच्या वेळी मन हौसेच्या बाजूला कलते, कारण जाहिरात त्याच बाजूने बोलत असते. यात तुमचा काही विशेष दोष आहे असे नाही. सल्ल्यासाठी येणाऱ्यांमध्ये मी हे वारंवार पाहतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. महागड्या माऊसवर २६,००० डीपीआय लिहिले आहे आणि मधल्यावर १२,०००, हा फरक तुम्ही ठळकपणे मांडला आहे. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला असता सेन्सर किती वेळा नोंद करतो, ती संख्या. एका नोंदीला पडद्यावर एक पिक्सेल असे धरले, तर ८०० डीपीआयवर १,९२० पिक्सेल रुंदीचा पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायला हात २.४ इंच, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर, सरकवावा लागतो. २६,००० डीपीआयवर तेच अंतर दोन मिलिमीटरांहूनही कमी हालचालीत पार पडेल. एवढ्या संवेदनशील माऊसने तक्त्यातला एखादा चौकोन निवडून दाखवणे ही शिक्षाच ठरावी. नेमबाजीचे खेळ गांभीर्याने खेळणारे बहुतेक जण ४०० ते १,६०० डीपीआयच्या पट्ट्यात असतात. बारा हजारही तुम्हाला लागणार नाहीत, मग सव्वीस हजारांसाठी जास्तीचे पैसे कशासाठी द्यायचे?

सेन्सरच्या बाबतीत एक गोष्ट ग्राहकाच्या फायद्याची झाली आहे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलीमाऊस एक्सप्लोरर आला आणि माऊसच्या पोटातला धूळ खाणारा चेंडू हळूहळू हद्दपार झाला, तेव्हा चांगला ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने हालचाल टिपणारा, सेन्सर ही महागाची वस्तू होती. आज ती राहिलेली नाही. पिक्सआर्ट कंपनीचा ३३६० हा सेन्सर एके काळी वरच्या किमतीच्या माऊसमध्ये मिरवत असे. त्या तोडीचे सेन्सर आता मधल्या किमतीतही मिळतात. हाताची हालचाल अचूक टिपण्याचे काम दोन्ही माऊस करतील.

दुसरा आकडा पोलिंग रेटचा, म्हणजे माऊस संगणकाला सेकंदातून किती वेळा खबर देतो याचा. साधा माऊस बहुधा १२५ वेळा देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. मधला १,००० वेळा, म्हणजे दर एका मिलिसेकंदाने. आणि तुम्ही पाहिलेला महागडा माऊस ८,००० वेळा. साध्याकडून मधल्याकडे जाताना जास्तीत जास्त ७ मिलिसेकंद वाचतात. मधल्याकडून महागड्याकडे जाताना एक पूर्ण मिलिसेकंदही वाचत नाही. तुमचा पडदा ६० हर्ट्झचा आहे असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येते. माऊसने वाचवलेला तो मिलिसेकंदाचा तुकडा अशा पडद्यावर डोळ्यांना दिसणे कठीण आहे. शिवाय सेकंदाला ८,००० खबरी हाताळताना प्रोसेसरवर जास्तीचा भार पडतो आणि वायरलेस माऊसची बॅटरी लवकर उतरते, हेही लक्षात घ्या.

टिकाऊपणाचा मुद्दा या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण तुमचा सध्याचा माऊस त्याच कारणाने जातो आहे. बटणाखालच्या स्विचचे आयुष्य क्लिकच्या संख्येत सांगितले जाते : स्वस्तात ५० लाख, मधल्यात २ कोटी किंवा अधिक, महागड्यात १० कोटींपर्यंत. कामात मिनिटाला दहा आणि खेळात मिनिटाला तीस क्लिक असा अंदाज केला, तर तुमचे दिवसाला सुमारे ७,००० आणि वर्षाला २१ लाख क्लिक होतात. या हिशेबाने ५० लाखांचा स्विच सव्वादोन-अडीच वर्षे पुरेल, २ कोटींचा साडेनऊ वर्षे आणि १० कोटींचा ४७ वर्षे. सत्तेचाळीस वर्षांनंतर तो माऊस जोडायला संगणकावर जागा तरी असेल का, हा प्रश्न बाजूला ठेवू.

मात्र हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. प्रत्यक्षात धातूच्या पातळ पट्टीचा ताण कमी होतो, संपर्काच्या जागी झीज होते, थर साचतो आणि बटण दाबले की विजेचा संपर्क एकदा जुळून क्षणभर थरथरतो; संगणक त्या थरथरीला दुसरा क्लिक समजतो. तुमच्या माऊसला नेमके हेच झाले असावे. ऑप्टिकल स्विचमध्ये धातूच्या संपर्काऐवजी प्रकाशाचा किरण अडतो किंवा मोकळा होतो, त्यामुळे या कारणाने होणारा डबल क्लिक टळतो. असे स्विच मधल्या किमतीच्या काही माऊसमध्येही असतात. खोक्यावरचे कोटींचे आकडे वाचण्यापेक्षा विक्रेत्याला हे विचारा.

इतर दुखणीही असतात. स्क्रोलचे चाक उलटसुलट उड्या मारू लागते, वायर मानेजवळ तुटते, वायरलेस माऊसची आत बंद असलेली लिथियम बॅटरी काही शे चार्जिंगनंतर पहिल्यासारखी साथ देत नाही. माझा अनुभव आणखी वेगळा आहे. मी एकदा बराच महागडा माऊस घेतला होता. तिसऱ्या वर्षी त्याचा सेन्सर, बटणे, बॅटरी सारे ठणठणीत होते, पण दोन्ही बाजूंचा मऊ रबरासारखा लेप विरघळून चिकट झाला. दुपारपर्यंत अंगठ्याला काळा डाग पडे, आणि कागद हातात घेतला की तोच डाग कागदावर उठे. वॉरंटी केव्हाच संपली होती. तेव्हापासून मी साध्या खरखरीत प्लास्टिकचा माऊस घेतो, आणि तुम्हालाही तेच सुचवीन.

आता मुख्य गोष्ट, जी पत्रात नाही : तुमचा हात. रोज साडेआठ तास जी वस्तू तळव्याखाली राहणार, तिचा आकार हा खरेदीचा पहिला निकष असायला हवा. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा. माऊसची लांबी या मापाच्या साधारण ६० टक्के असावी, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. १९ सेंटिमीटरच्या हाताला ती साडेअकरा सेंटिमीटरांच्या आसपास येते. मग तुम्ही माऊस कसा धरता ते पाहा. कोणाचा पूर्ण तळवा माऊसवर टेकलेला असतो, कोणी बोटे वाकवून धरतो, तर कोणी फक्त बोटांच्या टोकांनी चालवतो. हलक्या, बुटक्या गेमिंग माऊसपैकी बरेचसे शेवटच्या दोन पकडींसाठी घडवलेले असतात. तळवा टेकवणाऱ्याने तसा माऊस घेतला तर पाठीचा उंचवटा हाताला लागत नाही, तळवा अधांतरी राहतो आणि करंगळी टेबलावर घासत जाते. दीड तासाच्या खेळात हे जाणवणारही नाही. महिनाअखेरीचे तक्ते भरताना चौथ्या-पाचव्या तासाला मात्र नक्की जाणवेल.

दुकानात माऊस हातात घेतल्यावर मनगट वर किंवा बाजूला वाकते का, अंगठा बाजूच्या बटणांपर्यंत पकड न बदलता पोहोचतो का, आणि स्क्रोलचे चाक फिरवताना बोट ताठ होते का, इतके पाहिले तरी पुरे. डावखुरे असाल तर दोन्ही बाजूंनी सारखा असलेलाच आकार शोधा. मनगटात आधीपासून दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर या तिन्ही पर्यायांचा विचार थांबवा, आधी डॉक्टरांना दाखवा आणि उभ्या धाटणीचा माऊस वापरून पाहा.

वायरलेसबद्दल थोडक्यात सांगतो. डोंगलवर, म्हणजे संगणकाच्या यूएसबी खाचेत लावायच्या छोट्या रिसीव्हरवर, चालणारा चांगला वायरलेस माऊस आज वायरच्या माऊसइतकाच चपळ असतो. ब्लूटूथ त्याहून मंद पडतो, पण तक्त्यांच्या कामाला तोही पुरतो. वायर नसण्याची मोकळीक खरी आहे. पण एकाच टेबलावर बसून काम करणाऱ्याला तिच्यासाठी तिप्पट पैसे मोजावे लागत असतील, तर ती मोकळीक महाग पडते.

आता पैशांचा ताळा करू. साध्या माऊसची किंमत एक भाग मानू. तो दोन वर्षे चालला तर वर्षाला अर्धा भाग पडतो. मधला तीन भागांचा आणि पाच वर्षे चालणारा धरला तर वर्षाला ०.६ भाग, महागडाही पाचच वर्षे धरला, कारण बॅटरी आणि लेप त्याहून पुढे जातील याचा भरवसा नाही, तर वर्षाला १.८ भाग. म्हणजे प्रामाणिकपणे बोलायचे तर सर्वांत स्वस्त साधाच आहे. मधला त्याहून वर्षाला दशांश भागाने महाग पडतो, आणि तेवढ्यात तुम्हाला निवडायला अधिक आकार, सात मिलिसेकंदांची चपळाई आणि बरे स्विच मिळतात. हा सौदा मला पटतो. महागड्याचा खर्च मधल्याच्या तिप्पट आहे, आणि त्या जास्तीच्या पैशांतून तुमच्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर दिसेल असे फारसे काही मिळत नाही.

बिनव्याजी हप्त्यांचीही शहानिशा करा. अनेकदा रोख खरेदीवर मिळणारी सूट हप्त्यांत मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्क वेगळे लागते. ती सूट आणि ते शुल्क हेच खरे व्याज. 'आज पूर्ण पैसे दिले तर किती?' हा एकच प्रश्न विचारून दोन्ही रकमांतला फरक कागदावर लिहा. मला त्याहून अधिक काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. दीड महिन्याच्या राखीव रकमेवर दोन हप्ते एकाच वेळी चालवायचे, आणि एखाद्या महिन्यात मिळकत उशिरा आली तर विलंब शुल्क भरायचे व पतनोंदीवर डागही लावून घ्यायचा, ही जोखीम माऊससाठी पत्करण्यासारखी नाही. मधला माऊस घेतल्यावर उरणारे सहा भाग, तुम्ही हप्ते भरणारच होतात त्याच सहा महिन्यांत, राखीव रकमेत टाका.

मोबाईलचा हप्ता फिटला, राखीव रक्कम चार-सहा महिन्यांच्या खर्चाइतकी झाली, आणि पडदाही १४४ किंवा २४० हर्ट्झचा आला, तर तो महागडा माऊस खुशाल घ्या. तेव्हा तो हौसेच्या खात्यात लिहा. हौसेला परताव्याचा हिशेब लावायची गरज नाही. स्पर्धांत उतरण्याचा जो विचार तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिला आहे, त्यालाही आधी पडदा लागेल, माऊस नंतर.

नवा घेण्यापूर्वी सध्याच्या माऊसची वॉरंटी तपासा. ती शिल्लक असेल तर कदाचित तोच बदलून मिळेल आणि सगळी खरेदी लांबणीवर जाईल. वॉरंटी नसेल तरी तो टाकून देऊ नका. काही माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सची वेळ, म्हणजे एका क्लिकनंतरची थरथर दुर्लक्षिण्याची वेळ, वाढवता येते, तेवढ्याने डबल क्लिक काही महिने आटोक्यात राहतो. आणि सोल्डरिंग करणाऱ्या माणसाकडे स्विच बदलून घेणे नव्या माऊसच्या मानाने किरकोळ खर्चाचे असते. महिनाअखेरीच्या दिवशी नवा माऊस अचानक बंद पडला, तर खणात ठेवलेला हा दुरुस्त माऊस तुमचा कामाचा अख्खा दिवस वाचवील.