प्रोसेसर ५० टक्क्यांवर आणला तरी बॅटरी तेवढीच!

प्रश्न: नमस्कार. मी घरूनच अकाउंट्सचं काम करते. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि माझा तीन वर्षांचा लॅपटॉप दोन तासांत मान टाकतो. भाचा म्हणाला, मावशी, सेटिंगमध्ये प्रोसेसर ५० टक्क्यांवर आण, स्कूटर हळू चालवली की अ‍ॅव्हरेज मिळतं ना, तसंच. तसं केलं, तर आता एक्सेल उघडता उघडत नाही आणि बॅटरी जेमतेम वीस मिनिटं जास्त चालते. काय चुकलं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: भाच्याचं अर्धं बरोबर आहे, पण स्कूटर दहाच्या स्पीडने रेटली तर पेट्रोल उलट जास्तच जातं, तसं झालंय हे. प्रोसेसर हळू केला की काम लांबतं, आणि तेवढा सगळा वेळ स्क्रीन, रॅम, वायफाय चालूच राहतात, त्यांना कुठे माहितीये तुम्ही प्रोसेसर हळू केलाय ते! काम पटकन उरकून झोपी जाणारा प्रोसेसर बरेचदा कमी खातो.

खरी उधळपट्टी असते ती टर्बोमध्ये, म्हणजे प्रोसेसर थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त स्पीडने पळतो तेव्हा. स्पीड वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज स्पीडच्या पटीत आणि त्यावर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे स्पीड आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्के खाली आणले तर प्रोसेसरच्या कामाची वीज साधारण २७ टक्क्यांनी उतरते, आणि तुम्हाला फरक कळतही नाही. म्हणून ५० नको, ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ फक्त बॅटरीसाठी ९९ करा, बऱ्याच लॅपटॉपवर तेवढ्याने टर्बो बंद होतो. नवीन मशीनवर हा ऑप्शन लपवलेला असतो, तिथे पॉवर मोडमध्ये ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ निवडलं तरी बरंच काम होतं.

पण त्याआधी जरा हिशोब करू, अकाउंट्सवाल्या आहात म्हणून सांगतो. बॅटरी ४० वॉट-अवरची असेल आणि दोन तासांत संपत असेल तर मशीन २० वॉट खातंय. एक्सेल आणि दोन-चार टॅबला सात-आठ वॉट पुष्कळ झाले. मग एकतर टास्क मॅनेजरमध्ये कोणीतरी गुपचूप खात बसलेलं सापडेल (अँटीव्हायरसचं स्कॅन, नाहीतर ब्राउझरचे तीस टॅब), किंवा ब्राइटनेस फुल असेल, किंवा बॅटरीच म्हातारी झाली असेल. ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबा, जी फाइल तयार होते तिच्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ (नवीन असतानाची) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आता उरलेली) दोन्ही दिसतात. ४० च्या जागी २२ दिसले तर सेटिंगशी खेळत बसू नका, सरळ बॅटरी बदला.

एरवी लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो ना? मग कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ८० टक्क्यांची चार्जिंग लिमिट असेल तर लावा, बॅटरी जास्त वर्षं टिकते. फक्त बुधवारी रात्री ती लिमिट काढायला विसरू नका.