रिव्हर्सो घड्याळ घेताना आधी केस बघ
जेगर-लकूल्त्र या स्विस कंपनीचं जुनं रिव्हर्सो घड्याळ बघायला जाशील तेव्हा डायलवर भाळू नकोस. आधी केस, म्हणजे घड्याळाची धातूची पेटी, सरकव आणि उलटी कर, सगळी कारागिरी तिथेच आहे. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून १९३१ मध्ये रने-आल्फ्रेड शोव्हो यांनी ही उलटणारी केस आखली. ती खोबणीतून अलगद सरकून शेवटी ‘टक्’ करून घट्ट बसायला हवी. डुगडुगत असेल तर खोबणी झिजलीय, आणि ते काम खर्चिक.

मग डायलच्या वरखालच्या तीन-तीन आडव्या रेघांवर बोट फिरव. कडा बोथट लागल्या तर केसला फार वेळा पॉलिश झालंय. (विक्रेता ‘अगदी नव्यासारखं’ म्हणाला की मी जास्तच सावध होतो.) मागे कुणाची आद्याक्षरं कोरलेली असली तर मला तरी ती आवडतात.

सुरुवातीच्या घड्याळांत ताव्हान या दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे बाहेरून घेतलेलं यंत्र असायचं. ते दिसलं म्हणून नकली समजू नकोस. चावी देताना ती अडली की तिथेच थांब. पावसाळ्यात मात्र हे घड्याळ कपाटातच राहू दे.