दशावतार आणि खाडीवरचे पक्षी : कॅमेरा कोणता घ्यावा?

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यात राहतो. जत्रेतले दशावतारी नाटक आणि कर्ली खाडीच्या काठावरचे पक्षी यांची छायाचित्रे काढण्याची मला आवड आहे. आजवर मोबाइलवर भागवले. आता तीस हजार रुपयांपर्यंत कॅमेरा घ्यायचा आहे. दुकानदार ४० पट झूमचा कॉम्पॅक्ट (भिंग कायमचे जोडलेला छोटा कॅमेरा) सुचवतात, तर मित्र वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यायला सांगतात. दोन्हींचे मेगापिक्सेल जवळजवळ सारखेच असतील, तर डीएसएलआरचे ओझे कशासाठी बाळगायचे?

उत्तर : आपल्या दोन आवडी दोन वेगळ्या कॅमेऱ्यांकडे ओढणाऱ्या आहेत आणि मेगापिक्सेलच्या आकड्यावरून त्यांचा निवाडा होणार नाही. अशा झूम कॉम्पॅक्टमधील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, साधारणपणे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो, तर सर्वसाधारण डीएसएलआरमधील सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ तेरा पट मोठा असतो. भर उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही. देवळासमोरच्या मांडवात मध्यरात्री तो ठळकपणे दिसतो.

दशावतारात प्रकाश बेताचा असतो आणि पात्रे क्षणभर स्थिर नसतात. युद्धाचा प्रसंग आला, पखवाज तापला आणि राजा बाकावरून उडी घेऊन तलवार फिरवू लागला, की सेकंदाच्या तिसाव्या भागात घेतलेल्या छायाचित्रात तलवारीच्या जागी नुसता पांढुरका फराटा उरतो. त्यातच झूम लांबवला की कॉम्पॅक्टचे छिद्र लहान होते, आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि चेहऱ्यावरील रंगभूषेवर दाणे उमटतात. डीएसएलआरबरोबर मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे भिंगही (हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) येथे पुरेसे पडत नाही, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. मात्र ५० मिलिमीटर, एफ १.८ हे स्वस्तातले भिंग लावल्यास (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), आधीच्या भिंगाच्या एफ ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि तोच प्रसंग सेकंदाच्या तीनशेव्या भागात टिपता येतो. फ्लॅश मात्र बंदच ठेवावा; तो नटाच्या डोळ्यांवर येतो आणि मांडवातल्या प्रकाशाचा सगळा रंग पुसून टाकतो.

पक्ष्यांच्या बाबतीत दुकानदाराचे म्हणणे चुकीचे नाही. २४ मिलिमीटरपासून ४० पट म्हणजे ९६० मिलिमीटरच्या तोडीची पोहोच. डीएसएलआरवर तेवढी हवी असेल तर भिंगाची किंमतच आपल्या अंदाजपत्रकाच्या कितीतरी पुढे जाईल. सकाळच्या उन्हात खांबावर निवांत बसलेला खंड्या कॉम्पॅक्टवर समाधानकारक येतो, पण तो पाण्यावर झेपावला की कॅमेऱ्याचा फोकस बहुधा मागे राहतो.

माझे मत विचाराल तर वापरलेला डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरचे भिंग घ्यावे, आणि पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याचे भिंग सवडीने जोडावे. डीएसएलआरची नवी मॉडेले येणे आता जवळजवळ थांबले असून कंपन्यांचा भर मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे; त्यामुळे वापरलेले चांगले नग वाजवी दरात मिळू शकतात. घेताना शटर किती वेळा उघडले आहे याची नोंद पाहावी आणि भिंगातून आरपार टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, हे तपासावे. ती बुरशी असते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती झपाट्याने पसरते. म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरावे. पुळणीवर भिंग बदलू नये, कारण वाळूचा बारीक कण आत सेन्सरपर्यंत जातो. कॉम्पॅक्ट घेतलात तरी ही धास्ती टळत नाही. त्याच्या आत-बाहेर सरकणाऱ्या नळीत वाळू अडकली, तर दुरुस्तीचा खर्च बऱ्याचदा परवडण्याजोगा राहत नाही.