फोटो उलटा कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. १८६०-७० च्या सुमाराचे आपल्याकडच्या बायकांचे फोटो तुला सुंदर वाटतात, आणि सुंदर वाटले याचाच अपराध वाटतो, असं तू लिहितेस. सर म्हणतात, ‘वसाहतवादी नजर’, म्हणजे राज्य करणाऱ्या गोऱ्या साहेबाची नजर, असं लिही आणि प्रबंधाचं प्रकरण पुढे ने. मैत्रीण म्हणते, बायका स्वतःच्या मर्जीने नटूनथटून बसल्या होत्या. तुला दोन्ही पटत नाही. मलाही नाही. पण तीन पानी पत्रात तू एकदाही लिहिलं नाहीस की त्या फोटोंच्या मागच्या बाजूला काय आहे. उलटून बघितलेसच नाहीत ना?

आधी फोटो उलटा कर. सौंदर्य, नजर, तुझा अपराध, सगळं त्यानंतर.

फोटोच्या पुढच्या बाजूचा मथळा विकणाऱ्याचा असतो. मुंबईचा छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याचे १८६३ आणि १८६६ चे फोटोंचे दोन खंड तू चाळलेस. त्यातली माणसं स्टुडिओत उभी केलेली, आणि पाठीमागचं दृश्य दुसरीकडचं, नंतर जोडलेलं. अल्जीरियात फ्रेंचांच्या पोस्टकार्डांवर एकच मुलगी, त्याच कपड्यांत, एका कार्डावर बेदुइन, दुसऱ्यावर दक्षिणेकडची, तिसऱ्यावर कबाईल; बेदुइन आणि कबाईल या तिकडच्या वेगवेगळ्या जमाती. मुलगी तीच, छपाईत नाव बदललं. अशा मथळ्यावर तू प्रबंधाचं प्रकरण उभं करणार?

मी केलं होतं, म्हणून सांगते.

एका संग्रहात नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. पुठ्ठ्यावर चिकटवलेला एका बाईचा फोटो आला. तळहाताएवढा. नऊवारी, नथ, कानात बुगड्या. उजवा हात खुर्चीच्या हातावर, आणि बोटं इतकी घट्ट आवळलेली की नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. लुगड्याच्या काठाखालून लोखंडी स्टँडचा पाय डोकावत होता. काही सेकंद हलायचं नाही म्हणून मानेमागे चिमटा लावत, त्याचा तो स्टँड. कपाळावर कुंकू काळंकुट्ट. त्या काळी फोटो कलोडियन नावाचं रसायन लावलेल्या काचेवर घेत, आणि त्या काचेला तांबडा रंग दिसतच नसे. कुंकू काळं येई, सावळा चेहरा आणखी काळवंडे, निळं लुगडं पांढुरकं दिसे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दिवाळीआधी कॅलेंडर निघायचं होतं. वरून सांगितलं, बाई छान आहे, चेहरा जरा उजळ करा, खालचं ते लोखंड कापा. मी दोन्ही केलं आणि प्रूफवर सही केली. काचेने तिला होती त्याहून काळी केली होती, आम्ही होती त्याहून गोरी केली. खाली ‘मराठा सुंदरी’ छापलं. तो मथळा माझा.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने मोडीत दोन ओळी होत्या. मला मोडी येत नव्हती. नंतर वाचू म्हणून मी तो अल्बमच्या पानावर डकवला, त्या काळी वापरत त्याच डिंकाने. बारा वर्षांनी सोडवायला गेले तेव्हा कागदाचे पापुद्रे निघाले. उरलं एक ‘बाई’ आणि एक अर्धवट आकडा. नाव गेलं. नोकरी कायम व्हायची होती, हाताखाली शिकवणारं कोणी नव्हतं, मी नाही तर दुसऱ्या कोणी डकवलाच असता, हे सगळं खरं आहे. बोटं आवळलेली ती बाई मात्र माझ्यामुळे बिननावाची राहिली.

चाळिसाव्या वर्षी मोडी शिकले. तेव्हापासून पाठीचा फोटो काढल्याशिवाय एकही चित्र छापायला दिलं नाही. त्यापायी दोन प्रदर्शनं सोडली. लोक हेकट म्हणतात. म्हणू देत.

मर्जीने बसल्या की बसवल्या, हा वाद तू पुढच्या बाजूकडे बघत जन्मभर घालशील. पाठ बघ. स्टुडिओ कुठला, कोणासाठी काढला, कोणी कोणाला पाठवला. १८७४ साली दरोगा अब्बास अली या हिंदुस्थानी इंजिनिअरने लखनौच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची चोवीस छायाचित्रं कलकत्त्यात पुस्तकरूपाने काढली. विक्रीसाठी. काढणारा आपलाच, मग सरांची ‘गोरी नजर’ तिथे कशी बसवशील? आणि १८९२ मध्ये छायाचित्रकार राजा दीनदयाळांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला, तो एक इंग्रज बाई चालवत होती. तिथला फोटो घरच्यांनी मागवलेला, घरातच राहणारा. दोन्हीकडे दागिने आहेत, पडदे आहेत, खुर्ची आहे. नुसतं समोरून बघून फरक सांगून दाखव मला.

सुंदर वाटतात तर वाटू देत गं. नथीचा मोती लकाकतो तो तिच्या घरचा आहे, साहेबाचा नाही. त्यावर रडत बसू नकोस, तेवढ्या वेळात दहा फोटो उलटून होतील.

तू पाठवलेल्या स्कॅनमध्ये सातव्या क्रमांकाची बाई आहे, केसात वेणी माळलेली. पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला मागून शाई उतरल्यासारखी दिसते. तो पुठ्ठा पानावरून ओढून काढू नकोस, हात जोडते. संग्रहातल्या माणसाला सांग, पान आडवं धरायला आणि मागून दिवा लावायला. मग फोटो काढ, कडा न कापता, आणि आजच पाठव. मोडी असेल तर मी वाचते.

तुझी,
मावशी