वाचकांचे प्रश्न (पुणे महापालिकेच्या जानेवारी २०२६ च्या निवडणुकीआधी) : तिकीटवाटपाच्या हंगामात मतदाराने काय पाहावे?

प्रश्न : आमच्या प्रभागात गेल्या काही महिन्यांत एकाच पक्षाच्या सहा-सात इच्छुकांचे फ्लेक्स लागले. दिवाळीत उटण्याची पाकिटे आली, मग देवदर्शनाच्या सहली झाल्या, आता दिनदर्शिका येऊ लागल्या आहेत. यांतले तिकीट कोणाला मिळणार हे मात्र आम्हाला शेवटच्या दिवशीच कळणार. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिकडे पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठीही मतदान होते आणि आपण त्यात मत देतो, असे ती सांगते. आपल्याकडे ही पद्धत का नाही? आणि ती नसताना, समोर ठेवलेल्या नावांतून माझ्यासारख्या मतदाराने उमेदवार पारखायचा कसा?
— एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. अमेरिकेत या मतदानाला प्रायमरी म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिन राज्याने ती कायद्याने सुरू केली, आणि त्यामागची तक्रार आपलीच होती : उमेदवार पक्षाचे चार पुढारी बंद खोलीत ठरवतात. अध्यक्षपदासाठी तर १९६८ सालीही ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले होते. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पक्षाला नियम बदलावे लागले. न्यू जर्सीत जून २०२५ मध्ये गव्हर्नरपदासाठी प्रायमरी झाली, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाकडून सहा जण रिंगणात होते. त्यांतून मिकी शेरिल यांना उमेदवारी मिळाली आणि नोव्हेंबरात त्या निवडूनही आल्या.

मात्र ही पद्धत ज्या पायावर उभी आहे, तो आपल्याकडे नाही. न्यू जर्सीत मतदार कोणत्या पक्षाचा, याची नोंद सरकारी मतदारयादीतच असते. एका पक्षाच्या नावाने नोंदलेल्या मतदाराला दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येत नाही, आणि ज्याने पक्ष नोंदवलेला नाही त्याला केंद्रावर जाऊन पक्ष सांगावा लागतो. पुण्याच्या मतदारयादीत नावापुढे पक्षही छापून आला, तर पेठांतल्या वाड्यांपासून कोथरूडच्या सोसायट्यांपर्यंत काय काय होईल याची कल्पना करून पाहावी. मला तरी ती यादी नको. आपल्याकडे पक्षाची सदस्य-नोंदणी ही पक्षाची खासगी वही आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसने निवडक मतदारसंघांत अंतर्गत मतदानाने उमेदवार ठरवून पाहिले. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा येथे तो प्रयोग झाला, परंतु मतदानाचा हक्क पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरताच राहिला आणि दोन्ही जागा पक्षाच्या हातून गेल्या. त्यानंतर त्या वाटेला कोणी फारसे गेले नाही.

तरीही न्यू जर्सीची एक गोष्ट पुणेकराने नीट पाहावी अशी आहे. तेथे मतदान खुले असूनही काउंटीतल्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागातल्या) पक्षसंघटनेने पसंत केलेले उमेदवार, वरच्या पदापासून खालच्या पदापर्यंत, मतपत्रिकेवर एकाच रकान्यात छापले जात असत आणि बाकीचे कुठे तरी कडेला पडत. मतदार त्या रकान्यात वरून खाली खुणा करत जाई. सिनेटच्या उमेदवारीसाठी लढणारे अँडी किम यांनी या मांडणीविरुद्ध दावा लावला, मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली, आणि २०२५ च्या प्रायमरीत प्रत्येक पदाचे उमेदवार वेगळे छापले गेले.

हा रकाना आपल्याकडे पॅनल या नावाने घरोघरी पोहोचतो. १५ जानेवारी २०२६ च्या पुणे महापालिका निवडणुकीत ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडायचे होते. चाळीस प्रभाग चार सदस्यांचे आहेत आणि एक पाच सदस्यांचा. चार सदस्यांच्या प्रभागातला मतदार अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागांसाठी चार स्वतंत्र मते देतो. कायद्याच्या दृष्टीने त्या चार निवडणुका आहेत. प्रचारपत्रकावर मात्र चार चेहरे, एक चिन्ह आणि ‘संपूर्ण पॅनल विजयी करा’ एवढेच असते. त्या चौघांत बहुधा एक जण खरोखर काम केलेला असतो, एक जण खर्च करू शकणारा असतो आणि उरलेले दोघे आरक्षणाच्या सोडतीमुळे ऐनवेळी शोधलेले असतात. पहिल्याच्या पुण्याईवर बाकीचे निवडून येतात. तेव्हा आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे माझे उत्तर हे की, पक्षाने आपल्याला विचारले नाही तरी प्रायमरी आपण आपल्या घरी घ्यावी, आणि ती पॅनलची न घेता एकेका जागेची घ्यावी.

या वेळी त्यासाठी एक कसोटी आपोआप तयार झाली आहे. मागच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून पालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. जवळजवळ चार वर्षे कोणाकडे नगरसेवकपद नव्हते, ‘स’ यादीतला, म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या कामांसाठीचा, निधी नव्हता आणि मुख्य सभेत बोलायला व्यासपीठही नव्हते. या काळात जो माणूस फाइल घेऊन क्षेत्रीय कार्यालयात बसत होता, ड्रेनेजच्या तक्रारीसाठी कनिष्ठ अभियंत्याला चौकापर्यंत घेऊन येत होता, त्याला काम करण्याची सवय आहे असे समजायला हरकत नाही. जो मार्च २०२२ ला दिसेनासा झाला आणि प्रभागरचना जाहीर झाल्यावर उगवला, त्याला पदाची हौस आहे. दोघांच्याही फ्लेक्सवर ‘जनसेवक’च लिहिलेले असते, म्हणून फ्लेक्स वाचण्यापेक्षा सोसायटीच्या सचिवाला, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारावे.

आपण सहकारनगरचे आहात, म्हणून विचारण्याजोगा प्रश्नही तेथलाच सुचवतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसे दगावली, सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या. खासगी जागेतल्या भिंतींवर पालिकेने खर्च करावा की नाही, या वादात त्या भिंतींचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. दारात येणाऱ्या उमेदवाराला ‘ओढ्याचे काय करणार?’ असे विचारू नये. त्यावर ‘प्राधान्याने सोडवू’ हे उत्तर तयार असते. ‘भिंतीची फाइल आज कोणत्या खात्यात आहे आणि ती कशावर अडली आहे?’ असे विचारावे. ज्याने पाठपुरावा केला आहे तो खात्याचे नाव सांगेल, कदाचित अधिकाऱ्याला चार शब्दही सुनावेल. ज्याने केलेला नाही तो आपला मोबाइल नंबर मागून घेईल.

महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, आणि त्या जागांवर हा प्रश्न उमेदवार बाईंनाच विचारावा. पती, दीर किंवा सासरे उत्तर द्यायला पुढे सरसावले तर ‘ताईंना बोलू द्या’ असे स्पष्ट म्हणावे. काही ताई तेवढ्याची वाटच पाहत असतात, आणि मग सोबतच्या मंडळींपेक्षा नेमके बोलतात, असे सोसायट्यांच्या बैठकांत मी पाहिले आहे.

अर्ज भरण्याची मुदत ३० डिसेंबर २०२५ पर्यंत होती. अर्जासोबत जोडलेले शपथपत्र जनतेला पाहता येते, ते वाचावे. मालमत्तेचा आकडा पाहून डोळे विस्फारण्यात अर्थ नाही. पुण्यात एक जुना फ्लॅट असला तरी आकडा मोठा दिसतो. तोच उमेदवार २०१७ मध्येही उभा असेल, तर तेव्हाचे आणि आताचे शपथपत्र शेजारी ठेवावे आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलेल्या कामातून एवढी वाढ होऊ शकते का, हे पाहावे. गुन्ह्यांचा रकानाही नुसता मोजू नये. भारतीय दंड संहितेचे कलम १४३ किंवा १८८ लागले असेल, तर मागे बहुधा मोर्चा किंवा रास्ता रोको असतो. पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या कार्यकर्त्यावर असे गुन्हे असतातच. कलम ४२० म्हणजे फसवणूक आणि ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची नवी कलमे लागतात, त्यामुळे कलमाच्या आकड्यापुढचे वर्णनही वाचावे.

उटणे आणि दिनदर्शिका यांचे काय करायचे, ते आपण जाणताच.

प्रश्न : मी धायरीत राहते आणि महापालिकेसाठी पहिल्यांदाच मतदान करणार आहे. आमच्या प्रभागात मला एकच उमेदवार पटतो. बाकीच्या जागांवर मत न देता मी बाहेर येऊ शकते का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : सर्व जागांसाठी बटण दाबल्याशिवाय आपल्या मतदानाची प्रक्रिया पूर्ण होत नाही, त्यामुळे एकच बटण दाबून निघून येऊ नये. ज्या जागेवर कोणीच पटत नाही तेथे ‘नोटा’चे बटण आहे. आपल्या राज्यातल्या स्थानिक निवडणुकांत त्याला वजनही आहे : राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार एखाद्या जागेवर ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली, तर तेथे फेरनिवडणूक घ्यावी लागते. लोकसभा आणि विधानसभेला तसे नाही.

पण ‘नोटा’ दाबण्याआधी त्या जागेवरची सगळी नावे, अपक्षांसह, एकदा वाचावीत अशी विनंती आहे. आपल्या भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराचे) रुग्ण आढळले आणि विहिरीच्या, टँकरच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. त्या दिवसांत पाण्याचे नमुने तपासून घेण्यासाठी, क्लोरिनसाठी कोण धावपळ करत होते, हे शेजाऱ्यांना चांगले आठवत असेल. त्यांतले एखादे नाव यादीच्या तळाशी अनोळखी चिन्हासमोर असू शकते.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका निष्ठावंत कार्यकर्त्याला डावलून पक्ष बाहेरून आलेल्या माणसाला एबी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचे पत्र) देणार, अशी चर्चा आहे. तो बंडखोरी करून अपक्ष उभा राहिला, तर त्याला दिलेले मत वाया जाईल का? आणि बंडखोरी योग्य आहे का?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत प्रायमरीत हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येता येत नाही. तो नियम तेथे न्याय्य वाटतो, कारण त्याला मतदारांनीच नाकारलेले असते. आपल्या कार्यकर्त्याला मतदारांनी नाकारलेले नाही. त्याचे नाव त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिलेले नाही. म्हणून त्याने अर्ज भरला तर मी त्याला दोष देणार नाही.

निष्ठा हा गुण मात्र पक्षाच्या हिशेबातला आहे. वीस वर्षे सतरंज्या उचलल्या म्हणून पक्षाने तिकीट द्यायला हवे होते हे खरे असेल, पण मतदारावर त्याचे ऋण नाही. वरच्या उत्तरात सुचवलेला फाइलीचा प्रश्न त्यालाही विचारावा, आणि बाहेरून आलेल्यालाही. शिवाय अर्ज मागे घेण्याच्या दिवशी तो रिंगणात आहे का, हे पाहावे. समजूत निघून, महामंडळाचे किंवा स्वीकृत सदस्यत्वाचे आश्वासन पदरात पाडून अर्ज मागे घेणारे निष्ठावंत पुण्याने पुष्कळ पाहिले आहेत. तो टिकला आणि आपल्या कसोटीला उतरला, तर त्याच्या जागेवर त्याला मत द्यावे आणि उरलेल्या जागांचा विचार वेगळा करावा. नगरसेवक थोड्या मतांनीही निवडून येतो आणि पडतो, त्यामुळे ते मत वाया जाईल असे मला वाटत नाही.