‘कंप्युटरवर तपासलंय’ म्हणजे काय तपासलंय?

प्रश्न : सर, आमची द्राक्षबाग आहे. कृषी सेवा केंद्रातून झिंक ऑक्साइडच्या नॅनो कणांची बाटली आणली. फवारणाऱ्याला त्रास नाही ना, असं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, ‘कंप्युटर मॉडेलवर तपासलंय, एकदम सेफ!’ प्रयोग न करता कंप्युटरला हे कळतं कसं? – एक बागायतदार, तासगाव

उत्तर : कळत नाही, दादा. आधी कुणीतरी प्रयोगशाळेत हात काळे केलेले असतात, त्यावरच कंप्युटर अंदाज बांधतो.

2011 साली शास्त्रज्ञांनी 17 धातूंच्या ऑक्साइडचे नॅनो कण ई. कोलाय जिवाणूंना किती मारक ठरतात, ते तपासलं. त्यांतल्या 10 कणांवरून मारकतेचा अंदाज देणारं सूत्र, म्हणजेच मॉडेल, बसवलं आणि उरलेल्या 7 कणांवर ते पारखलं. अंदाज चांगले जुळले. काम खरोखर देखणं आहे. असं सूत्र हाती असलं की प्रत्येक नव्या कणासाठी पहिल्यापासून प्रयोग करत बसावं लागत नाही. पण तुमच्या दुकानदाराला हे सांगा, की त्या यादीत झिंक ऑक्साइड जिवाणूंना जास्त मारक ठरलेल्यांपैकी होतं. सगळ्यात सौम्य कणांत होतं टायटॅनियम डायऑक्साइड. आणि त्याच टायटॅनियम डायऑक्साइडवर युरोपीय संघानं 2022 मध्ये खाण्याच्या रंगासाठी बंदी घातली, कारण पेशीतल्या डीएनएला धोका नाही अशी खात्री देता येईना. जिवाणू तगला म्हणून माणसाचं भागत नाही.

म्हणून ‘सेफ’ म्हटलं की विचारायचं : कुणाला? पोटात गेल्यावर, की छातीत? आणि मॉडेल कुठल्या कणांवर बेतलंय? थॉमसन जातीच्या द्राक्षघडांवरून बांधलेला अंदाज सोनाका द्राक्षाला थोडाफार चालेल, डाळिंबाला नाही. कणाचा आकार, त्यावरचं आवरण, तो पाण्यात किती विरघळतो, यांतलं काही बदललं तरी अंदाज लंगडा पडू शकतो. त्यात तुमच्या बोअरचं पाणी जड असेल, तर क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. मग बाटलीवरचा 1 ते 100 नॅनोमीटरचा कण टाकीत तसाच राहीलच असं नाही.

छातीबद्दल मात्र मॉडेलची वाट बघू नका. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्डिंग करणाऱ्याला रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे कुपवाडच्या एमआयडीसीत कुणीही सांगेल. तो झिंक ऑक्साइडचा धूरच असतो. फवाऱ्याचे थेंब म्हणजे धूर नव्हे, तेवढी मात्राही नसते, पण ब्लोअरमागे दिवस काढणाऱ्यानं तोंडाला नुसता टॉवेल गुंडाळू नये. कणांसाठीचा, नाकाला घट्ट बसणारा मास्क हवा. वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नये. बाटली हलवताना, ओतताना हातमोजे घालावेत. कोरडी भुकटी असेल तर जास्तच जपा, ती हवेत उडते.

आणि दुकानदाराकडं कंपनीचं सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्यात श्वासावाटे होणाऱ्या परिणामाचा रकाना कोरा असेल, तर बाटली परत करा.